तुळजाबाईची तारीख

महाडच्या बाजारपेठेत कारखानीस वकिलांचं ऑफिस म्हणजे तीन पिढ्यांचं प्रस्थ. तिथं अनुपमानं उमेदीची सगळी वर्षं दिवाणी दाव्यांत घातली. आधी नकला आणायच्या, मग मुदती मागायच्या, मग एमआयडीसीतल्या कंपन्यांची कुंपणांची भांडणं. बाई कामाला वाघ, पण ऑफिसच्या पाटीवर नाव काही लागेना. शेवटी थोरले कारखानीस म्हणाले, पोलादपूरकडच्या तुळजाबाईचा वाटपाचा दावा एकटीनं चालव, जिंकलीस तर तुझं नाव लावू.

दावा सरळ होता. बाप गेल्यावर धाकट्या भावानं, महिपतीनं, तुळजाबाईकडे हक्कसोडीचा कागद सहीला पाठवला. तुळजाबाईनं सही केली नाही, उलट कोर्ट गाठलं. कायदा तिच्या बाजूचा. अनुपमाला वाटलं, हा तर हातचा मळ.

पण अशील मोठं अजब! महिपतीच्या वकिलानं मुदत मागितली की अनुपमा कडाडून विरोध करी, आणि मागून तुळजाबाई तिचा कोट ओढून म्हणे, देऊ द्या की. तारखेला येताना तांदळाच्या भाकऱ्या नि सुकट आणी आणि आवारात चक्क महिपतीपुढे ठेवी. तोही निमूट खाई. अनुपमानं तिला चांगलंच झापलं, की समोरच्या पक्षाशी बोलायचं नाही, दावा बिघडेल. तेव्हापासून म्हातारी लांब बसू लागली, डबा तसाच परत नेऊ लागली. हिला जमीन हवी की नको, अनुपमाला कळेना. पण विचारायला सवड कुणाला होती? तिनं लवकर सुनावणीचा अर्ज दिला आणि दावा तडीस नेला.

निकाल लागला. अर्धी जमीन तुळजाबाईची ठरली. महिपती मान खाली घालून निघून गेला. अनुपमा पेढे घेऊन आली, तर म्हातारी बाकावरून हलेना.

"पुढची तारीख कवा?" तिनं विचारलं.

अनुपमाला हसूच आलं. मावशी, आता कसली तारीख, आपण जिंकलो, असं तिनं समजावलं. महिपती अपील करणार नव्हता. मोजणीलासुद्धा येणार नव्हता. तिची जमीन तिला लखलाभ, असा त्यानं निरोप दिला होता.

म्हातारीचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिनं सांगितलं ते ऐकून अनुपमा चक्रावलीच. हक्क सोडायला तुळजाबाई पहिल्यापासून तयार होती. त्यांच्याकडे भाऊ बहिणीला माहेरी बोलावतो, पाटावर बसवून लुगडं देतो आणि मगच सही मागतो. महिपतीनं कागद परक्याच्या हाती धाडला, त्याचा तिला राग. दावा लावला म्हणून तारखेला का होईना, भाऊ दिसत तरी होता.

अनुपमानं पेढ्यांचा पुडा बाकावर ठेवला. हे आधी का नाही सांगितलं, तिनं विचारलं.

"तुमी जमीन किती त्ये इचारलंत," तुळजाबाई म्हणाली. "भावाचं कुनी इचारलंच नाय."

आपण नक्की काय जिंकलो, हेच अनुपमाला उमजेना. तिनं म्हातारीला उठवलं, पोलादपूरच्या एसटीत बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. महिपतीच्या दारात जाऊन बोलायचं काय, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.