मंगलचा नऊ ते बाराचा शो

त्या गुरुवारी नवागामच्या आमच्या खोलीत सकाळपासून एकाच उत्तराची वाट पाहणं चाललं होतं. नव्वदच्या दशकातली, सुरतेतली गोष्ट. शुक्रवारी पिक्चर बदलणार होता, आणि माझ्या बहिणीने, मंगलने, रात्री नऊच्या शोला माझ्याबरोबर जाऊ का असं विचारून ठेवलं होतं...

मी तिच्याहून वर्षभराने लहान. गावाकडे आजोबांजवळ राहून दहावी केली आणि नुकताच सुरतेला आलो होतो. मंगल दिवसभर साड्यांना लेस लावायच्या कामाला जायची, आठला सुटायची. त्यामुळे तिच्यासाठी दुसरा शो नव्हताच.

मंगलचा स्वभाव असा, की कुठलीही गोष्ट ती एकदाच मागते. दहावीनंतर पुढे शिकू का, हेही तिने एकदाच विचारलं होतं. वडील नाही म्हणाले, आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. आता यालाही नकार मिळाला तर ही पोरगी आयुष्यात काही मागणारच नाही, अशी आईला धास्ती होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात रातपाळीला. त्यांनी डबा हातात घेतला, तेवढ्यात शेजारच्या इंदूमावशींनी दारातूनच टोमणा मारला, "बाप रातपाळीले, आनि आते पोर बी रातपाळीले का?"

अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही. चपला घातल्या आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "जा दोन्हीजन. पन येतांना कारखानासनी गल्लीमाईन या."

मला ते विचित्रच वाटलं. मोठ्या रस्त्यावर दिवे होते, कारखान्यांची गल्ली अंधारी. पण परवानगी मिळाली होती, आणखी काय विचारायचं...

थिएटरात वेगळीच गंमत. लूमच्या खडखडाटात राहणारी माणसं आम्ही, आमची कुजबुजही मागच्या पुढच्या रांगांना ऐकू जायची. पुढचे एक भाई वळून म्हणाले, "जरा धीमे बोलो ने, बेन."

मग मंगल हातांनी बोलायला लागली. लूमच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून कारागीर एकमेकांशी खुणांनी बोलतात. अण्णांमुळे त्या खुणा घरातही आल्या होत्या. मंगलला सगळ्या यायच्या, मी गावाहून आलेला, मला अर्ध्याच कळायच्या. अख्खा पिक्चर ती हिरो जगणार का ते खुणांनी विचारत राहिली, आणि मी खांदे उडवत राहिलो.

शो सुटला. आम्ही गल्लीत शिरलो. उकाड्यामुळे कारखान्यांची दारं उघडी होती, आत लूम चालू. पहिल्याच दारात एक काका उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुढच्या कारखान्याकडे हात करून कसलीशी खूण केली.

पुढच्या दारातही एक जण. त्यानेही आम्हाला पाहिलं, आणि तशीच खूण पुढे केली... मंगलचा हात धरून मी भरभर चालायला लागलो. ती मात्र थांबली आणि हसायला लागली.

"अरे, घाबरस काय? अण्णानी पोर उनी, असं सांगी ऱ्हायनात त्या."

अण्णांची पोरगी आली... दारादारातून हाच निरोप आमच्यापुढे चालत होता. अण्णांनी पाळीवर गेल्या गेल्या सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

त्यांचा कारखाना गल्लीच्या टोकाला. ते पाठमोरे उभे राहून तुटलेला धागा जोडत होते. निरोप पोचला होता हे नक्की, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त एक हात मागे करून हलवला... घरी जा.

घरी आई देवापुढे बसलेली. आम्हाला पाहून तिने समईला हात जोडले आणि ताटं वाढली.

सकाळी अण्णा पाळीवरून आले. चहा पिताना आईला सांगत होते, की गल्लीतला जो तो म्हणत होता, पोरगी हसत हसत आली. मंगल कामाला निघाली होती. दारातच थांबली आणि तिने विचारलं, टायपिंगच्या क्लासला जाऊ का? रात्रीच्या बॅचला जागा होती, सुटायला दहा वाजणार होते.

एकदाच मागणारी मंगल दुसऱ्याच दिवशी पुन्हा काही मागत होती.

अण्णांनी कप खाली ठेवला. "वाट कोनती?" एवढंच विचारलं.

"गल्लीनीच," मंगल म्हणाली.

मंगल टायपिंग शिकली आणि पुढे सुरतेजवळ हजीऱ्याला एका ऑफिसात लागली. मुलांना रात्रीच्या शोला सोडावं का, असं आता मित्र विचारतात. माझं उत्तर एवढंच, की सोडावं, आणि त्यांच्या वाटेवर आपली चार माणसं जोडून ठेवावीत. त्या दारांत उभ्या राहिलेल्या सगळ्यांची नावंही मला माहीत नाहीत... संध्याकाळी दिवा लावला की त्यांच्यासाठीही हात जोडतो.