दोन नकाशांची शिवण

ट्रेसरबाईंनी डोंगर रंगवला होता, तो पाहिलेला मात्र नव्हता. म्हणजे खिडकीतून रोज दिसायचा तेवढाच.

भूगर्भ खात्याच्या ऑफिसात त्या एकविसाव्या वर्षी लागल्या. तिथे होणारे नकाशे डोंगराच्या पोटात कुठे कुठला दगड आहे ते दाखवायचे. साहेब लोक हातोडी घेऊन महिनोन्‌महिने डोंगर तुडवायचे आणि पेन्सिलीने खरडलेले मळके कागद आणून टेबलावर टाकायचे. त्यावर पारदर्शक कागद अंथरून, शाईने रेघा ओढून नकाशा देखणा करायचा, हे ट्रेसरबाईंचं काम. चुनखडीला निळा रंग, तांबड्या वालुकाश्माला विटकरी, आणि त्या दोघांच्या मधे असणाऱ्या, पाटीसारख्या पापुद्रे सुटणाऱ्या दगडाला हिरवट. हा क्रम कधी चुकायचा नाही. खाली विटकरी, वर हिरवा, त्याच्यावर निळा.

हात त्यांचा असा स्थिर, की शेजारी कोणी शिंकलं तरी रेघ हलायची नाही. हा गुण आईकडून आलेला. आई शिवणकाम करायची, आणि रेघारेघांचं कापड शिवताना शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या रेघा जुळल्या नाहीत तर सरळ उसवायची. "ताणून जुळवलेलं कापड पहिल्या धुण्यात बोंबलतं," असं म्हणायची.

नोकरीचं पहिलं वर्ष सरत आलं आणि मोठ्या डोंगराचे दोन नकाशे एकदम हाती आले. उत्तरेकडचा ज्यांनी केला त्यांना ऑफिसात उत्तरसाहेब म्हणायला लागले होते, दक्षिणेकडचा करणारे दक्षिणसाहेब. दोघे जिवलग दोस्त. एका डब्यात जेवायचे. ट्रेसरबाईंनी काचेच्या टेबलावर दोन्ही कागद कडेला कड लावून ठेवले आणि त्या थबकल्याच. एकही रेघ जुळेना. वरच्या कागदावरची प्रत्येक रेघ खालच्या कागदावर करंगळीच्या नखाएवढी बाजूला सरकून सुरू होत होती. नकाशावर नखाएवढं म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर!

दोन्ही साहेबांना बोलावलं. दोघांनी आपापल्या वह्या उघडल्या, मोजमापं वाचून दाखवली, आणि बघता बघता दोस्तीचा पार चुथडा झाला.

"तू तिथे गेलाच नाहीस. झाडाखाली झोपा काढून रेघा मारल्यास!"

"आणि तू? तुला चढ लागला की दम लागतो, हे सगळ्या ऑफिसाला ठाऊक आहे!"

ट्रेसरबाई मुख्यसाहेबांना हळूच म्हणाल्या, "साहेब, चूक असती तर एक रेघ इकडे गेली असती, एक तिकडे. या सगळ्या सारख्याच अंतराने, एकाच बाजूला सरकल्यात."

मुख्यसाहेबांना छपाईची घाई होती. "बाई, तुमचं काम रेघ मारायचं. थोड्या थोड्या वाकवा आणि द्या जुळवून."

नवी नोकरी, वय एकवीस. त्यांनी रेघा वाकवल्या. इतक्या सफाईने की छापल्यावर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नकाशा भिंतीवर लागला. दोन साहेब एकमेकांशी बोलेनासे झाले ते कायमचेच, आणि ट्रेसरबाई त्या भिंतीकडे न बघता ये-जा करायला शिकल्या.

मधे बावीस वर्षं गेली. लग्न झालं, मुलगी झाली, शिकायला दुसऱ्या शहरात गेली. नवरा पोकलेन चालवायचा. डोंगरातला रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा त्याची मशीन तिकडे गेली. एका संध्याकाळी तो घरी आला, शर्ट दारातच झटकला आणि म्हणाला, "अगं, आज गंमतच झाली. सकाळपासून राखाडी खडक. असा चिवट, की मशीनचे दात हलले. जेवून पुन्हा बसलो आणि बकेट एकदम मऊसूत आत गेली! नुसता भुगा आणि ओला चिखल. दोनेक हात तसं गेलं आणि पुढे बघतो तर तांबडा दगड."

ट्रेसरबाई पोळपाट धूत होत्या. हात थांबला.

"आणि मधे? हिरवट, पाटीसारखा दगड नाही लागला?"

"नाही बुवा. राखाडी, भुगा, तांबडा. का?"

"नीट आठवा."

"अगं, दिवसभर त्याच्यावर डोळे लावून बसलोय मी. हिरवा असता तर दिसला नसता?"

"हे कुठे, अहो?"

"त्या मोठ्या नाल्याच्या वळणावर."

तो नाला त्यांना डोळे मिटून काढता आला असता. दोन नकाशांची कड बरोबर त्या नाल्यावरून जात होती. त्या रात्रीच त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "रविवारी मला तिथे न्या."

रविवारी मोटरसायकलवर मागे बसून त्या डोंगरात गेल्या. रस्त्याच्या कडेला ताजा कापलेला कडा तीन माणसं उंच उभा होता. ट्रेसरबाईंनी राखाडी चुनखडीला हात लावला आणि रागावूनच म्हणाल्या, "हा निळा नाहीये!"

"निळा आहे असं कोणी सांगितलं?"

"मीच. बावीस वर्षं सांगतेय."

नवरा पोट धरून हसला. त्यांनाही हसू आलं, पण तेवढ्यात नजर पुढे गेली. चुनखडीचे थर वरून खाली तिरके येत होते आणि अचानक सुरीने कापल्यासारखे संपत होते. पुढे दोन हात रुंदीचा ओला भुगा. त्याच्या पलीकडे थेट तांबडा वालुकाश्म. ज्या दगडांच्या मधे एक अख्खा हिरवा थर असायला हवा, ते इथे भुग्याच्या आडोशाने शेजारी शेजारी उभे होते. भुग्याला लागून असलेल्या दगडाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर सरळ चरे, सगळे एकाच दिशेचे. एवढी वर्षं साहेब लोकांचं बोलणं कानावर पडत होतं, त्यामुळे याला काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं. भ्रंश. कधीकाळी डोंगरच इथे तडकला होता आणि एक बाजू खाली घसरली होती.

म्हणजे रेघा खरंच तुटलेल्या होत्या. दोन्ही साहेब बरोबर होते. उत्तरसाहेब नाल्याच्या या काठापर्यंत आले होते, दक्षिणसाहेब त्या काठापर्यंत. आणि झुडपांनी, मातीने बुजलेल्या नाल्यात उतरायचं काम प्रत्येकाने दुसऱ्याचं समजून सोडून दिलं होतं.

ट्रेसरबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते वाईट वाटून की बरं वाटून, हे त्यांनाच कळेना. नवऱ्याने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

सोमवारी त्या मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या. आता त्या खुर्चीवर एक बाई होत्या, वयाने ट्रेसरबाईंपेक्षा लहान. सगळ्या ऑफिसच्या त्या मॅडम.

"मॅडम, भिंतीवरच्या नकाशातल्या शिवणीवरच्या रेघा खोट्या आहेत. मी वाकवल्यात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "भुगा ओला होता?"

"चांगलाच."

मॅडमनी लगेच फोन उचलला आणि रस्त्याच्या इंजिनिअरला काम थांबवायला सांगितलं. पाणी धरणारा भुगा तसा सरळ उभा कापला, तर पहिल्या मोठ्या पावसात अख्खा कडा रस्त्यावर आला असता. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ते दोन्ही साहेब अजून गावातच असतात ना? त्यांना तुम्हीच घेऊन या. हे त्यांनी बघायला हवं."

उत्तरसाहेब दारातच म्हणाले, "तो येणार असेल तर मी येत नाही." चार गल्ल्या पलीकडे दक्षिणसाहेबांनी शब्द न् शब्द तोच उच्चारला. ट्रेसरबाई दोन्हीकडे एकच बोलल्या, "साहेब, तुम्ही चुकला नव्हता. एवढं बघायला तरी चला."

जीपमध्ये एक साहेब या खिडकीला, दुसरे त्या खिडकीला, आणि मधे ट्रेसरबाई. दीड तासाच्या वाटेत दोघांच्या तोंडून चकार शब्द नाही. कड्यापाशी सगळे उतरले. उत्तरसाहेबांनी चऱ्यांवरून बोटं फिरवली. दक्षिणसाहेबांनी खिसे चाचपले, पुन्हा चाचपले, आणि शेवटी शेजारी हात पसरून म्हणाले,

"भिंग दे."

उत्तरसाहेबांनी दिलं. आपलं भिंग घरी विसरायची दक्षिणसाहेबांची खोड जुनीच असावी.

पाच मिनिटांत दोघे हमरीतुमरीवर आले. घसरलेली बाजू नेमकी किती मीटर घसरली, यावरून. एक म्हणे एकशे ऐंशी, दुसरा म्हणे एकशे वीसच्या वर गेली तर मिशी काढीन. ट्रेसरबाईंना धडकी भरली, पण दोघांचे चेहरे बघितले तर खुललेले. मग उत्तरसाहेब वळून म्हणाले, "बाई, तेव्हा ठणकावून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, साहेब. तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतात."



पोकलेन बंद ठेवून नवराही तिथे येऊन उभा होता. त्याने भुग्यात सापडलेला एक तुकडा पुढे केला. दगडातच रुतलेला शिंपला. "साहेब, हा इथे डोंगरावर कसा?"

दक्षिणसाहेबांची कळी खुलली. "हा तांबडा दगड म्हणजे नद्यांनी आणलेली वाळू. पुढे समुद्र हळूहळू आत सरकला, तळाशी चिखल बसला. तो तुमच्या बायकोचा हिरवा रंग. समुद्र आणखी खोल, नितळ झाला, आणि शंखशिंपल्यांचे थरावर थर साचले. कोट्यवधी वर्षं. मग जमीन वर उचलली गेली, तडकली, आणि उत्तरेची बाजू खाली बसली."

"किती, तेवढं विचारू नका," उत्तरसाहेब पुटपुटले.

रस्त्याचा तो भाग पुढे पायऱ्या-पायऱ्यांनी, उताराचा करून कापला. पाणी वाहून न्यायला चर काढले. दोन महिने काम लांबलं आणि एकच कडा दुसऱ्यांदा कापावा लागला, म्हणून नवरा रोज घरी येऊन कुरकुरायचा. पावसाळ्यात मात्र तिथून खडाही खाली आला नाही, तेव्हा भेटेल त्याला तोच हे सांगत सुटला. दोन साहेब आठवड्यातून दोनदा एकमेकांकडे जाऊ लागले. आकड्यावर एकमत अजून नाही.

मॅडमनी जुन्या नकाशांचा गठ्ठा ट्रेसरबाईंपुढे ठेवला. "आणखी कुठे शिवणीत शंका येते?"

ट्रेसरबाईंनी तीन जागांवर बोट ठेवलं. तिन्ही ठिकाणी रेघा जुळवताना हात अडखळला होता, ते त्यांना पक्कं आठवत होतं.

"मग जाऊन बघून या. सोबत एक भूवैज्ञानिक देते. पण कुठे बघायचं ते तुम्ही सांगायचं."

त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना खात्याची हातोडी मिळाली. बूट घ्यायला नवराच दुकानात घेऊन गेला, आणि पायात घालून दुकानभर चालायला लावलं. पहिल्या जागी जायला निघाल्या त्या सकाळी मुलीचा फोन आला. "आई, या वयात डोंगर चढणार तू?"

"हळूहळू चढीन गं. डोंगर काही कुठे जात नाही," त्या म्हणाल्या, आणि मग खाली वाजणाऱ्या जीपच्या हॉर्नला "आले, आले!" म्हणत जिना उतरल्या.