देव थोरल्या घरी

कित्येक वर्षं आमच्या घरात देव नव्हता. भाईंदरला नवघरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मी देवघर करून घेतलं होतं. त्यात समई होती, रांगोळीचा डबा होता, पण देव नव्हता. शेजारणी म्हणायच्या, बाजारातून एक मूर्ती आणा की. मी म्हणायचे, माझे देव आहेत, ते आले की बसतील. मिस्टर गेले आणि रत्नागिरीकडच्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा जमिनीसाठी मी तोंड उघडलं नाही. मागितला फक्त कुलदेवीचा टाक, चांदीच्या पत्र्यावर ठसवलेला, सासरे रोज ज्याची पूजा करायचे तो. माझे मोठे दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, म्हणाले, "देव थोरल्या घरी राहतात. आणि तुला एक मुलगी. ती उद्या लग्न करून जाईल. तुझ्यामागे दिवा कोण लावणार?" भरल्या घरात म्हणाले. ते वाक्य मी भाईंदरला घेऊन आले आणि त्याच्याच जोरावर उभी राहिले. आधी दारोदार स्टीलची भांडी विकली, मग जेसल पार्कजवळ गाळा घेतला. माझ्याशी भाव करताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. देवीशीसुद्धा माझा सौदाच होता: आधी तू माझ्या घरी ये, मग मी हात जोडते.

मुलगी नोकरीला लागल्यावर अर्धवट राहिलेलं कॉलेज मी पुन्हा धरलं. सकाळी वर्ग, दुपारी दुकान. शेवटच्या वर्षी मला पर्यटनाचा विषय हवा होता, त्याच्या जागा भरल्या. उरला आफ्रिकेचा आणि आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या लोकांचा इतिहास. मी तडक मॅडमच्या खोलीत गेले. "मॅडम, मी भांडी विकते. आफ्रिका घेऊन मी काय करू?" मॅडम हसल्या. "गिऱ्हाईक म्हणून या ना. थोडे दिवस माल बघा, नाही पटला तर परत." माझ्याच भाषेत मला गुंडाळणारी ती पहिलीच बाई. मी बसले ती बसलेच.

तो वर्ग आठवला की अजूनही जीव तिथे जातो. एका कोपऱ्यात फाटलेला मोठा नकाशा, कुरकुरणारा पंखा, पुढच्या बाकावरच्या मुलींनी मागे सरकवलेला खाकऱ्याचा डबा. मला सगळे काकू म्हणायचे. "काकू, आज किसको झाड के आए?" असं विचारल्याशिवाय त्यांची सकाळ व्हायची नाही. मॅडमनी आधी तिथली राज्यं शिकवली, सोन्याचा व्यापार, पितळेची कारागिरी. त्यात मी रमले, धातू म्हणजे माझा विषय. मग जहाजं आली. वेगवेगळ्या गावांची माणसं एकत्र बांधून समुद्रापार नेली, आणि तरी त्यांचे देव पलीकडे पोचले, असं मॅडम म्हणाल्या. मी हात वर केला. "देव नेले कसे? ठेवले कशात?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "नेलेच नाहीत काकू, हात बांधलेले होते. नावं आठवत होती, ताल आठवत होता. तिथे जे हाताला लागलं, खोकं म्हणा, डबा म्हणा, त्यावर ताल धरला आणि देव आले." मग त्यांनी आफ्रिकेतून आपल्याकडे आलेल्या सिद्दींचं सांगितलं, जंजिऱ्याचे, गुजरातचे. मला मात्र त्या दिवशी भयंकर राग आला. परक्या मुलखात डबा वाजवून देव येतात, आणि माझे रत्नागिरीहून येत नाहीत?

परीक्षा तोंडावर आली आणि मुलीचं बाळंतपण अडलं. मीरा रोडच्या इस्पितळात तिला भर दुपारी ऑपरेशनला आत घेतलं, जावई रक्त आणायला धावले. बाकावर मी एकटी. दोघांपैकी कोण वाचेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. नवस बोलायला तोंड उघडलं आणि समोर कोणीच दिसेना. शेजारी एक बाई बसली होती, कुरळ्या केसांची, मांडीवर रिकामा डबा. त्याच्या झाकणावर ती बोटांनी हलकेच ताल धरत होती. मी चिडून म्हणाले, "बहनजी, बंद करो ना." ती थांबली, माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "आदमी अंदर है मेरा. डर लगता है तो ये करती हूँ. हम सिद्दी लोग हैं, जूनागढ़ तरफ के. आप भी कुछ बोलो ऊपरवाले को."

"किसको बोलूँ? मेरी देवी जेठ के घर में है."

"जेठ ने ताला मारा है क्या उसको?" असं म्हणून ती चक्क हसली.

एरवी मी तिचा निकाल लावला असता. त्या वेळी मला सासरे दिसले, देवासमोर नारळ घेऊन गाऱ्हाणं घालणारे. आमच्याकडे गाऱ्हाणं घरातला कर्ता पुरुष घालतो. बायका मागे उभ्या राहून प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात, तेवढाच आमचा भाग. पण इतकी वर्षं मागे उभं राहून शब्द पाठ झाले होते. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली, बा देवा म्हाराजा, तुझी लेक आज अडली आहे. गाऱ्हाण्याला हुंकार लागतो, एकट्याने ते होत नाही. मी थांबले, आणि शेजारून आवाज आला, "हाँ महाराज." तिला कोणी सांगितलं होतं? बोटं पुन्हा झाकणावर चालू झाली होती. मी एकेक वाक्य म्हणत गेले, ती होकार देत गेली. शेवटी देवीला काय देणार ते बोलायचं असतं. तिथे माझी जीभ, जिने आयुष्यभर घासाघीस केली, भाव करायला वळेना. एवढंच म्हणाले, तुला वाटेल ते कर.

"हाँ महाराज," ती म्हणाली.

नर्सने बाहेर येऊन मुलगी झाल्याचं आणि दोघी सुखरूप असल्याचं सांगितलं. मी आत जाऊन आले, तोवर बाक रिकामा होता. तिच्या माणसाला वरच्या मजल्यावर हलवलं होतं म्हणे. मी वर जाऊन शोधलं, ती भेटली नाही.

परीक्षा दिली, पासही झाले. टाक अजून दादांकडेच आहे, आणि खोटं कशाला बोलू, राग अजून आहे. पण आता देवघरात मूठभर तांदळावर देवीच्या नावाची एक सुपारी आहे. संध्याकाळी समई लावून मी गाऱ्हाणं घालते. सुट्टीत नात राहायला आली की काडी ओढायचा हट्ट तिचा, मी नुसता तिचा हात धरते. मग ती डब्याचं झाकण घेऊन मागे उभी राहते, बोटांनी वाजवते आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच ओरडते, "होय म्हाराजा!"