बाबांच्या गालातले खड्डे

आमचे बाबा बसायच्या नोकरीवर आहेत असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. चाळीस मिनिटं मान न हलवता, नाकाला खाज सुटली तरी हात न उचलता बसून दाखवा म्हणावं, आणि मग खुशाल हसा.

बाबा मूळचे सुतार. चौदा वर्षांपूर्वी चित्रकलेच्या कॉलेजात मोडकी स्टुलं दुरुस्त करायला गेले होते. पाय नीट बसला का हे पाहायला एका स्टुलावर टेकले, तर समोरून वर्ग घेणाऱ्या मॅडम ओरडल्या, "हलू नका!" बाबांना वाटलं, खांद्यावर विंचू चढला. ते श्वास रोखून बसले, ते आजतागायत बसलेच आहेत. स्टुलांसाठी मग दुसरा सुतार आला आणि त्याच्या कामाला नावं ठेवणं हा बाबांचा फावल्या वेळचा उद्योग झाला.

मॅडमना आवडला होता तो बाबांचा चेहरा. गालांची हाडं वर आलेली, गाल आत गेलेले, डोळे खोल. एका बाजूने दिवा लावला की अर्ध्या चेहऱ्यावर लख्ख उजेड आणि अर्ध्यावर अंधार. कागद सपाट असतो आणि त्यावर कोळशाच्या कांडीने भरीव डोकं उभं करायचं, तर हाच उजेड-अंधार कामाला येतो. बाबा हे ऐकून ऐकून शिकले आणि घरी येऊन मला शिकवायला लागले. मी स्वयंपाकाला लागले की एक बटाटा उचलून खिडकीशी धरायचे.

"हे बघ, इथे उजेड थेट पडतोय. इथून बटाटा वळतो, तसा उजेड कमी होत जातो. इथे सगळ्यात काळोख. आणि अगदी खालच्या काठाला परत थोडासा उजेड, तो ताटावरून उसळून आलेला."

"बाबा, तो बटाटा द्या. चिरायचाय."

कॉलेजातून आले की त्या दिवसाचा अहवाल असायचाच. "आज डाव्या गालावर दोन तास गेले पोरांचे. खड्डाच साधेना!" हे सांगताना माणूस नुसता फुललेला असायचा. आई गेल्यापासून दुसऱ्या कशानेही मी त्यांना इतकं खूश झालेलं पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांचे उरलेसुरले पाच दातही गेले. गाल आणखी आत गेले. कॉलेजातली मुलं म्हणे खूश झाली. माझा मात्र जीव टांगणीला लागला. पातळ-मऊ खाऊन माणूस दिवस काढत होता. पट्ट्याला नवी भोकं पाडायची वेळ आली, तीही त्यांनी स्वतःच हौसेने पाडली. शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढतच दाताच्या डॉक्टरकडे नेलं आणि कवळी करून घेतली.

कवळी बसली आणि बाबा दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. शेजारच्या काकू तर बघतच राहिल्या. बाबांचं तोंड मात्र उतरलेलं. मला वाटलं, टोचत असेल, होईल सवय. पण महिना गेला, दोन महिने गेले, तब्येत काही धरेना. रात्री दोन घास खाल्ले की "पोट भरलं". सकाळी डबा नेमका ओट्यावर राहायचा. एका आठवड्यात तीनदा डबा विसरले, तेव्हा मी कामावर उशीर होणार हे कळवून तो घेऊन कॉलेजात गेले.

वर्गाचं दार उघडंच होतं. आत कोळशाची खरखर सोडली तर चिडीचूप. मध्ये चौथऱ्यावर बाबा बसले होते. तोंडाचं बोळकं, गालांत वाटी मावेल एवढे खड्डे. शेजारच्या खिडकीत त्यांचा हातरुमाल, आणि रुमालावर कवळी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिथे तोंड उघडायची सोय नव्हती. सुट्टी होईपर्यंत मी दाराबाहेर धुमसत उभी राहिले.

बाबा बाहेर आले आणि मला बघून जागीच थबकले.

"ही काय थेरं चालवलीत बाबा? दात काय खिडकीला हवेत म्हणून केले?"

"हळू बोल गं."

"नाही बोलणार हळू! जेवत का नाही तुम्ही?"

त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "दात लावले की गाल भरतो. खाल्लं की आणखी भरतो. खड्डा गेला की सावली गेली. मग माझ्यात काढायला राहिलं काय? सपाट म्हाताऱ्याला कोण बसवून घेणार? इथे वीस जणं माझ्याकडे नीट बघतात, पोरी. बाहेर कोण बघतं?"

मी रोज त्यांच्या ताटाकडे बघत होते, पट्ट्याकडे बघत होते. ते म्हणत होते ते बघणं वेगळं होतं, आणि ते मला लागलं.

मॅडम आमच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काका, खरं सांगू? मी या सत्रानंतर तुम्हाला थांबवणार होते."

बाबा गर्रकन त्यांच्याकडे वळले.

"दर सोमवारी तुम्ही आणखी वाळलेले दिसता. मुलं मला विचारतात, काकांना मोठा आजार झालाय का? चौथऱ्यावरून चक्कर येऊन पडलात तर मी काय करू? आणि खड्डा गेला की सावली जाते, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

मला राहवलं नाही. "बाबा, बटाट्याला कुठे खड्डा असतो?"

मॅडम हसत सुटल्या. "तेच तर! सावली वळणाने पडते, काका. खड्डा काढणं सोपं आहे हो, काळं फासलं की झालं. भरलेला गाल काढताना या मुलांची खरी परीक्षा. जा, दात लावा."

सुट्टीनंतर मॅडमनी दिवा खाली घेतला आणि थोडा बाजूला सरकवला. मुलांना नवे कागद घ्यायला लावले, तेव्हा मागून कुणीतरी कण्हलंसुद्धा. मी एका रिकाम्या स्टुलावर बसले आणि चाळीस मिनिटं फक्त बाबांकडे पाहिलं. गालावरचा उजेड कानाकडे जाताना सावकाश मंद होत होता, कुठे संपला ते कळतच नव्हतं. जबड्याखाली पांढऱ्या सदऱ्याचा उजेड परत वर आला होता. हा माणूस कुठेही जाणार नव्हता, ना चौथऱ्यावरून, ना घरातून.

बैठक संपल्यावर बाबा नेहमीसारखे कागद बघत फिरले. एका मुलीच्या चित्रापुढे थांबले. तिने दोन-तीनदा पुसून पुन्हा काढलेला गाल चांगला गोल उतरला होता. बाबा बराच वेळ बघत होते.

"हा माणूस पोटभर जेवलेला दिसतोय," ते म्हणाले.

"दिसतोय," मी म्हटलं, आणि डोळे पुसून डबा त्यांच्या हातात दिला.