स्प्रिंगचे दोन वेढे

"वसंता, मागून ट्राम आली रे," दामलेकाका म्हणाले.

गाडी नेमकी रुळांवर बंद पडली होती. मागे ट्रामवाला घंटा बडवत होता आणि बाजूने जाणारे लोक फुकटचे सल्ले देत होते. मी काकांच्या शेजारी बसलो होतो. हात लांब करून मी किल्ली जरा वर दाबून धरली, तसा डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. काकांनी पायाशी असलेलं स्टार्टरचं बटण दाबलं, इंजिन सुरू झालं. मी किल्ली सोडली, इंजिन बंद. शेवटी वाकून किल्ली धरून बसलो, तेव्हा कुठे गाडी रुळांवरून हलली.

"महिनाभर हेच चाललंय," काका म्हणाले. "खड्डा आला की बंद."

मी तेव्हा कलकत्त्यात एका मोठ्या गॅरेजमध्ये ऑटो-इलेक्ट्रिक सेक्शनचा फोरमन होतो. गाडीत जिथे जिथे वायर जाते ते सगळं माझं खातं. दुखणं मला जागच्या जागी कळलं. इग्निशन स्विच गेला होता.

स्विचचं काम सांगायला सोपं आहे. बॅटरीचा करंट कॉइलला पोचला तर प्लगमध्ये ठिणगी पडते, ठिणगी पडली तर इंजिन चालतं. या वाटेवरचं दार म्हणजे इग्निशन स्विच, आणि ते उघडते किल्ली. दार लटपटायला लागलं की वाटेत कुठेही गाडी मरते.

काकांची गाडी इंग्लिश, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. दामले मंडळी दोन पिढ्या कलकत्त्यात. काका कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले, वय बहात्तर, मूलबाळ नाही. मी सांगलीहून नोकरीला आलो तेव्हा ओळखीचं एक कुत्रंही नव्हतं. तीन महिने मी त्यांच्याकडे जेवलो. माई, म्हणजे काकू, पोळीवर तूप घालताना हात आखडत नसत. हे उपकार मी विसरलो नव्हतो, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

माईंना त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. सियालदहच्या अलीकडे मौलालीला एका नर्सिंग होममध्ये त्या पडून होत्या. वाचा गेली होती. नर्सच्या हातून जेवत नसत, तोंड घट्ट मिटून घेत. काका रोज चार वाजता तिथे जात, डब्यातला मऊ भात स्वतःच्या चमच्याने भरवत आणि सहाला परतत. "मी गेलो नाही तर ती उपाशी राहते," एवढंच ते म्हणत. गाडी त्यासाठी हवी होती. ट्रामची पायरी त्यांना आता चढवत नव्हती.

स्विच एवढा झिजला कसा, याचं उत्तर काकांनी अभिमानाने दिलं. पेट्रोल एकाएकी महागलं तेव्हापासून ते प्रत्येक लाल सिग्नलला किल्ली बंद करत. गणिताचे मास्तर! भवानीपूरच्या घरापासून मौलालीपर्यंत सिग्नल किती, सगळं पाठ. रोज तीस-चाळीस वेळा किल्ली फिरली, तर आतली स्प्रिंग किती दिवस टिकणार? किल्ली इतकी सैल झाली होती की काका ती चिमटीत धरतच नसत. अंगठ्याच्या कडेने नुसती ढकलत. मी ते पाहिलं आणि म्हातारपणची सवय म्हणून सोडून दिलं.

गॅरेजमध्ये स्विच काढून सेनसाहेबांना दाखवला. सेनसाहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांनी तो दोन बोटांत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा.

"बर्वे, हा म्युझियम पीस आहे. नवा मिळणार नाही, इम्पोर्ट बंद. डॅशबोर्डला एक भोक पाड, टॉगल बसव. फिनिश."

टॉगल म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणासारखा खटका. वर केला की चालू, खाली केला की बंद.

"साहेब, त्या डॅशबोर्डला अक्रोडाचं लाकूड आहे. भोक पाडायला माझा हात धजावणार नाही."

"मग तुझा हात घरी नेऊन चालव. इथे वेळ नाही."

मला राग आला. टॉगल बसवायला कुणीही चालतं, त्याला बर्वे कशाला पाहिजे? स्विच मी रुमालात बांधला आणि कालीघाटला घरी नेला. काकांना वेळेला अडायला नको म्हणून कॉइलला तात्पुरती वायर जोडून दिली. गॅरेजमधला एक फिटर रोज ती जोडायला-काढायला जात होता.

दोन रविवार आणि मधल्या आठवड्यातल्या संध्याकाळी मी त्या स्विचला दिल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तो उघडला. आत एक एबोनाइटची चकती, म्हणजे करंट न वाहणाऱ्या कडक रबराची. तिच्यावर पितळेचे दोन ठिपके. किल्ली फिरली की एक पितळी पट्टी त्या ठिपक्यांवर येऊन बसते. पट्टी जागेवर राहावी म्हणून खाली एक छर्रा, आणि छर्‍याला वर दाबणारी बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग. पितळ झिजून खड्डे पडले होते, छर्रा चपटा झाला होता, आणि स्प्रिंगमध्ये जीवच नव्हता.

सुटे भाग हरवू नयेत म्हणून मी बायकोचा मिसळणाचा डबा पळवला. मोहरीच्या वाटीत छर्रे, जिऱ्याच्या वाटीत स्क्रू.

"अहो, उद्या फोडणीत स्क्रू पडला तर?" सुमती ओरडली.

"उचलून बाजूला ठेव. इंग्लिश आहे, परत मिळायचा नाही."

पितळी ठिपके नवे ठोकले, पट्टी एका जुन्या रिलेतून कापली, छर्रा मल्लिकबाजारच्या भंगारातून आणला. राहिली स्प्रिंग. तेवढ्या बारीक गेजची स्टीलची तार सगळ्या बाजारात मिळेना. मिळाली ती एका नंबराने जाड. मी म्हटलं, जाड तर जाड, जास्त टिकेल. सळईवर वेढे घालून स्प्रिंग वळली, बसवली, किल्ली फिरवली. खट्! असा आवाज आला की मी खुर्चीवरून उठलो. पुन्हा फिरवली. खट्!

"बघ, बघ!" मी सुमतीला बोलावलं.

तिने किल्ली फिरवून पाहिली. दुसऱ्यांदा जोर लावावा लागला. "बाई गं, किती घट्ट आहे हो हे!"

"घट्टच पाहिजे. आता काकांच्या हयातीत हलायचा नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची ती चालू करून. फिटरने स्टार्ट करायची, इंजिन गरम करायचं, आणि मग गिऱ्हाइकाला बोलवायचं. कारण त्याने पहिल्यांदा बटण दाबलं आणि गाडी जराशी जरी खोकली, तरी त्याचा कामावरचा विश्वास उडतो. मला शिकवणाऱ्या मिस्त्रीने हे शिकवलं, मी माझ्या पोरांना शिकवलं. पंधरा वर्षांत ही रीत मी एकदाही मोडली नव्हती.

दुसऱ्या रविवारी दुपारी मी काकांकडे जाऊन स्विच बसवला, तात्पुरती वायर काढून टाकली, गाडी सुरू केली आणि मगच त्यांना हाक मारली. ते डबा-चमच्याची पिशवी घेऊन खाली आले. सुरू गाडीत बसले. मी शेजारी बसलो. वाटेत सिग्नल लागले तेव्हा काकांचा हात किल्लीकडे गेला, तर मीच ओरडलो, "नको काका! पुन्हा झिजवाल." त्यांनी हात मागे घेतला. नर्सिंग होमशी पोचल्यावर किल्ली मीच बंद केली, येताना मीच चालू केली. हौसेने. तो खट् आवाज मला पुन्हा पुन्हा ऐकायचा होता.

"कसा झालाय, काका?"

"छान झालंय रे. अगदी नव्यासारखं."

वर जाऊन चहा घेतला. काकांनी कप दोन्ही तळव्यांत धरून तोंडाला लावला. समोर बसून पाहिलं मी ते. पण डोक्यात स्विच होता, माणूस नव्हता.

त्या शुक्रवारी ट्राम, बस, टॅक्सी सगळ्यांचा संप झाला. गॅरेज बंद. मी घरी होतो. दुपारी झोप काढली, चहा घेतला, शेजाऱ्यांबरोबर पत्ते खेळलो. काकांची आठवण झाली नाही असं नाही. सुमती म्हणाली, "काका कसे जातील आज?" मी म्हणालो, "त्यांना काय काळजी? स्वतःची गाडी आहे."

शनिवारी सकाळी काकांच्या इमारतीचा दरवान रामधनी सांगत आला. माई गेल्या. काल, पावणेसहा वाजता.

तिसऱ्या दिवशी अस्थी घाटावर न्यायच्या होत्या. काकांची गाडी काढतो, असं मी म्हटलं. खाली जाऊन गाडीचं दार उघडलं आणि हात किल्लीवर ठेवला. किल्ली पिळवटून वाकली होती आणि स्विचमध्ये अर्धवट अडकून बसली होती. तिच्या मुठीच्या भोकात एक चमचा घुसवलेला होता. चमच्याची मान वळलेली. तो कुठला चमचा ते मला लगेच कळलं.

मी तसाच वर गेलो.

"काका, किल्ली वाकली कशी?"

"अरे, फिरेना," ते म्हणाले. "या बोटांत आता काही राहिलं नाही. सांधे धरलेत. पहिली होती ती ढकलली की फिरायची."

"मग सोमवार ते गुरुवार कसे गेलात?"

"इथे रामधनी फिरवून द्यायचा. तिथे त्यांचा दरवान. शुक्रवारी रामधनीला येता आलं नाही, तो हावड्याला राहतो. म्हटलं, आपणच करू काहीतरी. चमचा घातला आणि जोर लावला, तर किल्लीच पिळली. मग वरचे मुखर्जी आले पकड घेऊन, पण मग ती त्यांनाही फिरेना. साडेचार वाजले. एक हातरिक्षा रिकामी दिसेना. मग निघालो चालत."

भवानीपूरहून मौलाली. बहात्तर वर्षांचा माणूस, एका हातात काठी, दुसऱ्या हातात डबा. सियालदहला लोकलमधून उतरलेले लोक चालत समोरून येत होते, आणि हे एकटे त्यांच्या उलट. पोचले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. नर्सने सांगितलं की माई चारपासून दाराकडे बघत होत्या.

"माझं घर वीस मिनिटांवर होतं, काका. मला निरोप का नाही पाठवलात?"

"तुझं घर उलट्या बाजूला. मला तिच्याकडे जायचं होतं."

"पण सोमवारीच सांगायचं! घट्ट आहे एवढं तरी!"

"दोन रविवार खपून केलंस. इतक्या हौसेने दाखवत होतास. कसं सांगायचं?"

भीड! आपल्या लोकांची ही भीड. मला त्यांचा राग आला, आणि तो राग तोंडावर येण्याआधी माझीच लाज वाटली. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि रडलो. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. त्या हाताची बोटं मिटत नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अस्थी आम्ही दुसऱ्याच्या गाडीतून नेल्या.

तेरावं झाल्यावर मी स्विच पुन्हा काढला, या वेळी कुणी सांगितलं नसताना. वाकडी किल्ली ठोकून सरळ केली. स्प्रिंगचे दोन वेढे कापले आणि तारेला थोडी आच देऊन ती मऊ केली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. सेनसाहेबांचा टॉगल बसवला असता तर तेही लागलं नसतं. तो खटका काकांनी तळहाताने वर केला असता.

स्विच गाडीत बसवला, पण चालू केला नाही. काकांना खाली बोलावलं आणि बाजूला उभा राहिलो. त्यांनी अंगठ्याच्या कडेने किल्ली ढकलली. ती फिरली. लाल दिवा लागला. त्यांनी पायाने बटण दाबलं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून थोडा वेळ बसले. चार वाजत आले होते. मग त्यांनी किल्ली बंद केली.

"छान झालंय रे," ते म्हणाले, आणि वर निघून गेले. ती गाडी त्यांनी पुन्हा काढली नाही.

सोमवारी मी सेक्शनमधल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे गाडी बंद करून द्यायची. किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची, आणि पहिला स्टार्ट त्याचा. सेनसाहेब म्हणाले, "गाडी खोकली तर?" मी म्हणालो, "खोकू दे." रिटायर होईपर्यंत मी तो नियम पाळला. किल्ली देताना मी गाडीकडे बघत नसे. गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत असे.