सुटून गेलेला रकाना

गर्भवती बायकांच्या रक्ततपासणी शिबिरात एक्सेलची शीट भरायचं काम माझ्याकडे होतं. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं की तो रकाना लाल करायचा. हाताने रंगवून डोळे दुखायचे, म्हणून मी मॅक्रो, म्हणजे शीटला आपोआप काम करायला लावायच्या सूचना, लिहायला शिकले. एक बटण दाबलं की अख्खी शीट रंगायची. फक्त कुठे ‘नमुना खराब’ लिहिलेलं असलं की मॅक्रो तिथे अडकायचा. मग मी त्याला सांगून ठेवलं, अक्षरं दिसली तर तो रकाना सोडून दे. तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं होतं.

त्या दुपारी डॉक्टरबाईंनी रकाना लाल झालेल्या बायका तेवढ्या थांबवल्या, बाकीच्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं. गर्दी ओसरल्यावर शीट सहज खाली सरकवताना मला एका पांढऱ्या रकान्यात दिसलं, ‘५.८ ग्रॅम’. नव्या टेक्निशियनने आकड्यापुढे ‘ग्रॅम’ लिहिलं होतं आणि मॅक्रोने माझं ऐकलं होतं. बाई काटोलकडची, आठवा महिना.

“एवढा घाम काहून आला वं तुले?” शेजारच्या सिस्टरने विचारलं. मी नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

शीटमधल्या तिच्या नंबरवर फोन लावला, तो दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिच्या भावाने उचलला. “आम्ही बसमधी बसून राहिलो, मॅडम. सुटतेच आता.”

“उतरा. लगेच उतरा.”

“काहून? गोळ्या तं देल्या न?”

“माझी चूक झाली, दादा. तिला आजच रक्त चढवावं लागेल.”

पुढे काही ऐकू यायच्या आत फोन कटला.

डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अजून किती सुटल्या असतील?” सिस्टर आकडे वाचत गेली, मी रकान्यांवर बोट ठेवत गेले. मधेच उठून खिडकीतून फाटकाकडे बघायचे. बस सुटली असेल का? ती दोघं उतरली असतील का? दुसरी कुणी सुटलेली निघाली नाही, पण आकडे संपले तरी फाटकात कुणी दिसेना.

मग एक ऑटो आत शिरला. ती भावाच्या खांद्याला धरून उतरली. दोन पावलं चालली आणि धाप लागून पायरीवरच बसली.

रक्त चढल्यावर तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले आणि तिला सगळं खरं सांगितलं, बटणासकट.

“मंग ते बटन काढलं का तुमी?”

“नाही. पण आता त्याला जे समजत नाही, ते पिवळं होतं.”

“अन् पिवळं कोन पाह्यते?”

“मी.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “पाहा मंग,” म्हणाली आणि कुशीवर वळली.

तिला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत, असं भावाने फोन करून कळवलं. मी अजूनही बटण दाबते, पण शीट डॉक्टरबाईंकडे जायच्या आधी सगळे रकाने दोनदा वाचते.