एका शिंगाचा नंदी

ज्या मुलीला शोधायला निघालो होतो, तिच्याच हातावर मी पेढा ठेवला आणि "चल, पुढे हो" म्हणून तिला हाकललं. ती घटना विसरायची म्हटलं तरी विसरता येत नाही. आमचे जुने सहकारी विसरू देत नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात तान्हा पोळा होता. लाकडी नंदी ओढत पोरं मैदानात जमत होती आणि आमचं ठाणं बंदोबस्तात. दुपारी एक मास्तर धापा टाकत आले. आईविना वाढलेली त्यांची सात वर्षांची मुलगी घरातून नाहीशी झाली होती. मुलगी साधी नव्हती. मोठमोठे गुणाकार तोंडी करायची. मास्तर तिला सभा-संमेलनांत उभी करत. त्या संध्याकाळीही तिचा कार्यक्रम होता.

"कोणतंही गणित घाला साहेब, चुकणार नाही. हीच तिची ओळख," मास्तर म्हणाले.

मी लगेच अक्कल चालवली. मास्तरांना ठाण्यातच बसवून मैदानात नंदीवाल्या पोरांची रांग लावली आणि एकेकाला विचारलं, "सदतीस गुणिले त्रेचाळीस किती?" चुकला की सणाला वाटायचा पेढा हातावर, चल पुढे. सगळेच चुकले. पेढे संपले.

तेवढ्यात खबर आली. एका पानठेलेवाल्याने मुलीला मामाच्या सायकलवर पाहिलं होतं. मामाचं आणि मास्तरांचं पटत नव्हतं. मामाला उचलून ठाण्यात आणलं.

"पोर कुठे आहे?"

"सुखरूप हाये. दिवे लागले का येते घरी. तवरक नाही सांगत."

"आत टाकीन."

"टाका ना! दरसाली तान्ह्या पोळ्याले पोरगी खिडकीतून पाह्यते. बाप म्हणते, पाठांतर कर."

दम दिला, टेबल आपटलं. टेबलाचा पाय निखळला, मामा ढिम्म.

मग शिपाई धावत आला. तलावाच्या पायरीवर लहान मुलीची एक चप्पल सापडली होती. ती मास्तरांपुढे धरली.

"तिचीच का?"

मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "सांगता येत नाही..."

पोरीला किती पाढे येतात हे त्यांना ठाऊक होतं. ती पायात काय घालते, ते नव्हतं. मामाने मात्र चप्पल एकदाच पाहिली.

"चप्पल तिची नाही साहेब. माह्या पोराचे बूट घातले तिनं. पण माह्या पोरासंग धाडली तिले, पोरं तलावाकडं गेली का काय?" तो ताडकन उठला. "धोतर, फेटा, कोळशाची मिशी. शेतकरी केला मी तिले. नंदीचं एक शिंग तुटलं हाये."

एका शिंगाचा नंदी मी पाहिला होता. त्या मिशीवाल्या पोराने "शंभर" असं उत्तर दिलं होतं.

जीप काढली. तलावात पोहणारे उतरले होते, काठावर गर्दी. कोणीतरी म्हणालं, फेटेवाली पोरं मघा इथेच होती. मामा वाटेतल्या प्रत्येक गल्लीत हाका मारत होता. अखेर एका ओट्यावर ती दिसली. फेटा सुटलेला, मिशी गालभर, नंदी आधी कोणी ओढायचा यावरून पोरांशी कडाक्याचं भांडण चाललेलं.

मास्तर धावले. मला वाटलं, आता मारतात. ते खाली बसले आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागले. कार्यक्रमाचं नाव त्यांनी काढलं नाही.

मामाला सोडलं. पुढे नोकरीत कोणी हरवलेल्या लेकराचे गुण सांगू लागला, की मी आधी विचारत असे, "पायात काय होतं?"

त्या दिवशी ओट्यावरून निघताना मी पोरीला विचारलं, "तुला ते गणित आलं नाही?"

"पंधराशे एक्क्याण्णव."

"मग शंभर का सांगितलंस?"

"माह्या पुढच्या पोराचं चुकलं, तं तुम्ही त्याले पेढा देऊन सोडलं. मंग मीबी चुकवलं."

"फारच हुशार आहेस गं!"

तिने मिशी पुसत माझ्याकडे पाहिलं. "याले कायची हुशारी लागते, काका? तुमचंच डोकं चाललं नाही."